बोट पण चालवायची आणि मॅनाटी पण जपायची, फ्लोरिडातल्या पाण्यात हे जमवायचं कसं

फ्लोरिडात कालव्याकाठी घर घेतलं की आज ना उद्या बोट येतेच. बोट आली की पहिल्याच महिन्यात बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर कुणीतरी भेटतो आणि सांगतो की ह्या मॅनाटीपायी एक दिवस आपलं बोटिंग बंद पाडणार आहेत हे लोक. पुढच्या महिन्यात दुसरा भेटतो, तो म्हणतो बोटवाल्यांना सगळं पाणी बापजाद्यांचं वाटतं. मी दोघांशी पण वाद घातलाय आणि दोघांकडून शिव्या पण खाल्ल्यात, काउंटीच्या म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या मीटिंगला मागच्या खुर्चीत बसून आणि एकदा तर माइकसमोर उभं राहून. त्यातनं एक कळलं, भांडण ‘बोट की मॅनाटी’ असं मांडलं की रात्रीचे दहा वाजेपर्यंत नुसती आरडाओरड होते, पण ‘नेमकं कुठे, कुठल्या महिन्यात आणि किती मिनिटं हळू जायचं’ असं विचारलं की लोक नकाशा बघायला पुढे सरकतात. तर ते कुठे, कधी, किती वेळ हेच खाली लिहिलंय, आधी बोटीवरचं आणि मग मीटिंगमधलं.

आधी ह्या प्राण्याबद्दल बोटवाल्याला कामाचं तेवढंच सांगतो. मॅनाटी म्हणजे समुद्रगाय, पण नातं हत्तीशी. पूर्ण वाढलेली साधारण दहा फूट लांब आणि हजार पौंडाच्या आसपास, काही त्याहून बऱ्याच मोठ्या. उथळ पाण्यातलं गवत खाते, तीन ते पाच मिनिटांनी श्वासाला वर येते, आणि पडून राहिली असेल तर वीस मिनिटं सुद्धा खालीच. म्हणजे तुम्ही दोन मिनिटं पाणी न्याहाळलं, काही दिसलं नाही, म्हणून तिथे काही नाही असं समजू नका. थंडी तिला सोसत नाही, पाणी ६८ फॅरनहाइटच्या म्हणजे २० सेल्सियसच्या खाली फार दिवस राहिलं तर मरते, म्हणून हिवाळ्यात सगळ्या गरम झऱ्यांकडे आणि वीजकेंद्रांच्या गरम पाण्याकडे गोळा होतात. क्रिस्टल रिव्हर, ब्लू स्प्रिंग, होमोसासा, टॅम्पा बे मधलं बिग बेंडचं वीजकेंद्र, ही त्यांची हिवाळी गावं. झऱ्याचं पाणी वर्षभर ७२ फॅरनहाइटच्या आसपास असतं, त्यामुळे कडाक्याच्या सकाळी एकट्या ब्लू स्प्रिंगमध्ये शेकड्यांनी मोजतात.

आता जे लोकांना उलटं वाटतं ते. बोट जवळ यायला लागली की मॅनाटी खोल पाण्याकडे वळते, मग ती उथळ गवतावर चरत असेल तर खोल पाणी कुठे, तर चॅनेलमध्ये, बोटींसाठी आखलेल्या खोल वाटेत, म्हणजे तुम्ही जिथून येताय तिथेच. माणूस म्हणतो मी तर माझ्या चॅनेलमध्ये होतो ती का आली मध्ये, आणि तिच्या बाजूने बघितलं तर ती पळूनच चालली होती बिचारी. म्हणून चॅनेलची कड, जिथे गवत संपून खोल सुरू होतं ती रेघ, तिथे सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवायचे.

आणि ‘प्रोपेलरला जाळी बसवली की झालं ना’ हा प्रश्न दर वेळी येतो. जाळीने कापलं जाणं थोडं टळेल, पण बऱ्याच मॅनाटी पात्याने कापून मरत नाहीत तर बोटीच्या तळाच्या नाहीतर मोटरच्या खालच्या टोकाच्या धडकेने मरतात. त्यांच्या बरगड्या भरीव आणि जड असतात, मजबूत वाटतात पण जोरात आदळलं की तुटतात आणि तुटलेलं टोक फुप्फुसात जातं. वरून एक ओरखडा पण नसतो कधीकधी. धडकेचा जोर वेगावर अवलंबून, त्यामुळे शेवटी सगळं येऊन ठेपतं थ्रॉटलवर, म्हणजे मोटरच्या वेगाच्या दांडीवर. ज्या वाचतात त्यांच्या पाठीवर इतके व्रण असतात की संशोधक त्या व्रणांवरूनच एकेकीला ओळखतात, फोटो काढून रजिस्टर ठेवतात. आपल्याकडे गुरांना डाग देऊन ओळखायचे, इथे ते काम बोटींनी केलंय.

बरं, पाट्या. पांढरी पाटी, नारिंगी बॉर्डर. नारिंगी गोल असेल तर वेगाचा किंवा वापराचा नियम, नारिंगी चौकोन टोकावर उभा आणि आत फुली असेल तर आत यायचंच नाही, फुली नसलेला तसाच चौकोन म्हणजे धोका, खडक वगैरे. गोलाखाली काय लिहिलंय ते नीट वाचा कारण तिथेच लोक चुकतात. ‘आयडल स्पीड नो वेक’ (वेक म्हणजे बोटीमागची लाट) म्हणजे बोट वळवता येईल एवढ्याच गतीने, त्याहून जास्त नाही. ‘स्लो स्पीड मिनिमम वेक’ म्हणजे बोट प्लेनवरून (वेगात बोट उचलली जाऊन पाण्यावरून घसरत जाते, ते प्लेन) पूर्ण खाली उतरलेली आणि पाण्यात सपाट बसलेली पाहिजे, मागे लाट नावापुरती. त्याला मैलाचा आकडा नाहीये, हे फार जणांना माहीत नसतं, ते जीपीएसवर बघून ‘मी तर दहानेच चाललोय’ म्हणतात. काही ठिकाणी मात्र आकडा असतो, जसं चॅनेलमध्ये ताशी २५ मैल आणि चॅनेलबाहेर स्लो, तो आकडा पाळायचा. ‘नो एंट्री’ असेल तिथे कयाक पण नाही, पोहणं पण नाही. ‘मोटरबोट बंद’ असेल तिथे वल्ही मारत जाता येतं.

मागच्या ख्रिसमसला मेहुणा आला होता भारतातून, त्याला हौस म्हणून स्टिअरिंग दिलं. पाटी आली, म्हटलं स्लो कर, त्याने थ्रॉटल थोडं मागे घेतलं आणि बोटीने नाक आकाशाकडे केलं, मागचा भाग पाण्यात रुतला आणि मागे ही मोठी भिंतीसारखी लाट, डाव्या हाताच्या डॉकवर बांधलेल्या दोन बोटी नाचायला लागल्या, डॉकवरची बाई कॉफी सावरत उठली. तो म्हणाला, ‘दाजी, केलं ना स्लो!’ हा सगळ्यात वाईट वेग. ना प्लेनवर ना खाली, नांगरट चालते पाण्याची, पुढचं काही दिसत नाही कारण नाक वर, आणि नियमात पण हे स्लो धरत नाहीत, बोट प्लेनवर चढत असली किंवा उतरत असली तरी ते स्लो नाही असं स्पष्ट म्हटलंय. त्याला म्हटलं आणखी मागे घे, आणखी, आणि एका जागी नाक धप्पकन खाली आलं, मोटरचा आवाज बदलला, मागे नुसता फेस राहिला. ते स्लो.

तर घरचा अभ्यास असा करा. वारा नसलेल्या दिवशी, जिथे वेगाची मनाई नाही अशा मोकळ्या पाण्यात थ्रॉटल हळूहळू मागे घेत जा आणि नाक ज्या जागी खाली बसतं तिथला आरपीएम बघा, मग मागे वळून लाट बघा, अजून उंच असेल तर आणखी थोडं मागे. तो आकडा टेपवर लिहून थ्रॉटलशेजारी चिकटवा. माझ्या २० फुटी बोटीला तो बाराशेच्या आसपास येतो आणि वेग सहा मैल, पण सहा माणसं आणि बर्फाने भरलेला कूलर असला की सगळं बदलतं, तेव्हा डोळ्यांनी मागची लाट बघणं सोडू नका. आणि पाटीच्या आधीच वेग कमी करायला घ्या, पाटीपाशी नाही, कारण बोटीला ब्रेक नसतो हे गाडी चालवणारा माणूस विसरतो.

आता मिनिटांचा हिशोब, हा मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा, कारण चिडचीड सगळी वेळेवरून होते आणि वेळ कुणी मोजत नाही. एक मैल २५ च्या वेगाने गेलात तर २ मिनिटं २४ सेकंद, सहाच्या वेगाने गेलात तर १० मिनिटं. म्हणजे मैलामागे साडेसात मिनिटं जास्त जातात. आमच्या कालव्यापासून इनलेटपर्यंत, म्हणजे समुद्रात निघायच्या तोंडापर्यंत, स्लोचे सगळे तुकडे जोडले तर पावणेदोन मैल होतात, म्हणजे तेरा मिनिटं जास्त. मी रागाच्या भरात सगळ्यांना ‘अर्धा-पाऊण तास वाया जातो’ असं सांगत फिरायचो, कागदावर मांडल्यावर तेरा निघाली, जरा ओशाळल्यासारखं झालं खरं. आता निघायच्या आधी चार्टवर म्हणजे पाण्याच्या नकाशावर झोन, वेग बांधलेले पट्टे, बघतो, मिनिटं धरतो आणि तेवढं लवकर निघतो.

आणि त्या वेगाने काय मिळतं ते पण मोजा. २५ मैलाला बोट सेकंदाला ३६-३७ फूट जाते. पंचाहत्तर फुटांवर नाकपुड्या दिसल्या तर तुमच्याकडे दोन सेकंद, त्यात तुम्ही ‘अरे ते काय’ एवढंच म्हणता. सहा मैलाला तेच अंतर साडेआठ सेकंदांचं, त्यात थ्रॉटल न्यूट्रलला येतं, आणि मॅनाटीला पण बाजूला व्हायला वेळ मिळतो.

तारखा तपासायला विसरू नका. बरेच झोन हंगामी असतात, हिवाळ्यातले बहुधा १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च, झऱ्यांजवळ आणि गरम पाण्याजवळ. पण सगळीकडे हेच नाही, फोर्ट मायर्सकडे ली काउंटीत काही झोन उलट १ एप्रिल ते १५ नोव्हेंबर चालतात कारण तिथे उन्हाळ्यात मॅनाटी खाडीत चरायला पसरलेल्या असतात. क्रिस्टल रिव्हरला जाणार असाल तर किंग्ज बेमध्ये केंद्र सरकारची अभयारण्यं आहेत, हिवाळ्यात दोरी आणि तरंगत्या बोयांनी आखलेली, आत बोट नाही, पोहणं नाही, हात पण घालायचा नाही. थ्री सिस्टर्स स्प्रिंग्जच्या आत तर त्या महिन्यांत कयाक सुद्धा नेता येत नाही. पाहुण्यांना हे आधी सांगा, नाहीतर तिथे पोचल्यावर तोंडं पडतात.

बघायचं कसं. पोलराइज्ड गॉगल घ्या, महागातलाच पाहिजे असं काही नाही, त्याने पाण्यावरची चकाकी जाते आणि खाली सावली दिसते. एक माणूस नाकाशी उभा करा, मुलं ह्यात एकदम तयार असतात, दिसली की आइसक्रीम असा सौदा करा. शोधायचं काय, तर पाण्यावर तेल सांडल्यासारखे गुळगुळीत गोल, एकामागे एक, ती शेपटीच्या फटक्याची खूण, इथे त्याला मॅनाटीचं पाऊल म्हणतात. त्या गोलांची रांग कुठे चाललीय बघितलं की ती कुठे वर येईल कळतं. तोडलेलं गवत तरंगत असेल, स्वच्छ पाण्यात एकाच जागी गढूळ ढग उठत असेल, फुस्स असा श्वासाचा आवाज आला असेल, थांबा. दिसली तर मोटर न्यूट्रलला, निदान ५० फूट लांब, आणि मागे-पुढे करत बसू नका, ती स्वतः जाईल. एक दिसली की दुसरी आहेच असं धरून चाला, पिल्लू आईला दोन वर्षांपर्यंत चिकटून असतं. कधी पाच-सात मॅनाटींचा घोळका उथळात घुसळताना दिसेल, पाणी उकळल्यासारखं, ते बहुतेक एका मादीमागे लागलेले नर असतात, त्यांचं कुठेच लक्ष नसतं तेव्हा, लांबून वळसा घालून जा. कुतूहल म्हणून जवळ जाऊ नका, लग्नघरात आगंतुक कशाला व्हायचं.

गवतावरून बोट नेऊ नका, ही वेगळी कटकट आहे. उथळात मोटरचं पातं गवताची मुळं उपटून लांब चर पाडतं आणि तो चर भरायला वर्षं जातात, शिवाय राज्याच्या राखीव जलक्षेत्रांत असं गवत उखडणं दंडाचं काम आहे. पाणी तपकिरी दिसतंय तर खाली गवत किंवा चिखल वर आलाय, तिकडे जायचंच नाही. अडकलातच तर जोर लावून निघू नका, मोटर बंद, वर उचला, बांबूने ढकला नाहीतर भरतीची वाट बघा आणि डबा उघडून जेवून घ्या.

डॉकवर लोक प्रेमाने चुका करतात. बोट धुताना होजचं गोडं पाणी खाली पडत राहिलं की मॅनाटी येते, तोंड वर करून पिते, इतकं गोड दृश्य असतं की तुम्हाला वाटतं रोज द्यावं. देऊ नका. पाणी देणं, लेट्यूस टाकणं दोन्ही बेकायदा आहे, आणि कारण साधं आहे, ती बोटीचा आवाज आणि डॉक म्हणजे खाऊ असं शिकते, आणि मग एक दिवस दुसऱ्या कुणाच्या बोटीजवळ तोंड वर करून जाते. ह्यावर लोक हमखास म्हणतात की सरकारने स्वतः लेट्यूस खाऊ घातलं की. हो, २०२१-२२ च्या हिवाळ्यात केप कॅनव्हेरलजवळ वीजकेंद्रापाशी दोन लाख पौंडांवर लेट्यूस टाकलं, पण ते अधिकाऱ्यांनी, एका जागी, उपासमार चालू होती म्हणून. त्याची गोष्ट पुढे येतेच. तुटलेली मासेमारीची दोरी पाण्यात सोडू नका, रॅम्पवर त्यासाठी नळकांडं लावलेलं असतं, त्यात टाका. पंखासारख्या हातांभोवती ती गुंडाळली की हात कापला जाईपर्यंत आवळते.

धडक बसलीच, किंवा जखमी, तिरकी तरंगणारी, एकटं पिल्लू, मेलेली सुद्धा दिसली तर राज्याच्या वन्यजीव आयोगाचा म्हणजे एफडब्ल्यूसीचा हॉटलाइन नंबर ८८८-४०४-३९२२, फोन नसेल तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल १६. जागा सांगा (जीपीएसचे आकडे किंवा मार्करचा, म्हणजे चॅनेल दाखवणाऱ्या खुणेचा, नंबर), जिवंत आहे का, किती वेळ बघताय, जखम कुठे, रॅम्प किती लांब. आणि मग तिथेच थांबा जमलं तर. किनाऱ्याला लागलेली ढकलून पाण्यात घालू नका, बऱ्याचदा ती आजारी म्हणूनच तिथे आलेली असते. मॅनाटीला त्रास दिला तर दंड काय ते पण सांगून ठेवतो, राज्याच्या कायद्याने ५०० डॉलरपर्यंत दंड, ६० दिवसांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही, केंद्राच्या कायद्याखाली गेलं तर ५०,००० डॉलरपर्यंत, एक वर्षापर्यंत तुरुंग किंवा दोन्ही.

आता मीटिंगची बाजू. आपल्या लोकांना वाटतं की झोन कुणीतरी वरून ठरवतं, आपण काय करणार. तसं नाहीये. आधी हे बघा की तुमच्या समोरची पाटी कुणाची आहे. मॅनाटीसाठी राज्याचा झोन असेल तर तो १९७८ च्या फ्लोरिडा मॅनाटी सँक्च्युअरी कायद्याखाली एफडब्ल्यूसीने केलेला. अभयारण्य किंवा रेफ्यूज म्हणजे राखीव पाणी असेल तर केंद्राच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा. पुलाखाली, पेट्रोल डॉकजवळ, गर्दीच्या वळणावर असेल तर तो बहुतेक बोटींच्या सुरक्षिततेचा, त्याचा मॅनाटीशी संबंध नाही. आमच्याकडे एक जण माइकवर दहा मिनिटं मॅनाटीवर तावातावाने बोलला आणि नंतर कळलं की तो ज्या झोनबद्दल बोलत होता तो पुलामुळे होता. हॉल हसला, माणूस खाली बसला, मुद्दा गेला. काउंटीने स्वतः मॅनाटीसाठी नियम केला तर त्याला पण एफडब्ल्यूसीची मंजुरी लागते.

तो १९७८ चा कायदा एकदा वाचा, कारण दोन्ही बाजू त्याचा अर्धाच भाग सांगतात. त्यात फ्लोरिडा राज्य मॅनाटीचं आश्रयस्थान आहे असं म्हटलंय, आणि त्याच कायद्यात असंही म्हटलंय की सगळ्या राज्यभर सरसकट वेग बांधून मच्छीमार, बोटवाले आणि वॉटर स्कीवाले ह्यांच्या हक्कात उगाच ढवळाढवळ करायचा हेतू नाही, आणि मॅनाटीला धोका होत नसेल तिथे वाजवी वेगाने जायला मर्यादित मार्गिका आखता येतील. म्हणजे ‘चॅनेलमध्ये २५, बाहेर स्लो’ ही मागणी सवलत म्हणून हात जोडून मागायची गरज नाही, कायद्यातच तिची जागा आहे.

राज्याला नवीन मॅनाटी झोन करायचा असेल किंवा जुना बदलायचा असेल तर ते आधी काउंटीला कळवतात, आणि मग काउंटीला एक समिती बसवावी लागते, त्यात अर्धे पाणी वापरणारे, म्हणजे मच्छीमार, स्कीवाले, बोटवाले, आणि अर्धे मॅनाटी आणि पर्यावरणाच्या बाजूचे. मसुदा मिळाल्यापासून साठ दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. एकमत नसेल तर बहुमताबरोबर अल्पमताचं म्हणणं पण अहवालात जातं. हे मला फार आवडलं, कारण हरलात तरी तुमचं लिहिलेलं कागदावर राहतं. तुमच्या काउंटीत अशी समिती बसणार आहे असं कळलं तर नाव द्या, जागा भरायला त्यांना माणसं मिळत नाहीत कित्येकदा, आणि आपण मराठी माणसं घरात बसून मतं द्यायला एक नंबर.

समितीत नसाल तरी लोकांचं म्हणणं ऐकतात, तेव्हा जाताना काय न्यायचं. भावना नेऊ नका, चार्ट न्या. त्यावर पेनाने रेघ काढा, ह्या मार्करपासून त्या मार्करपर्यंत. मिनिटं लिहा, दोन्ही पर्यायांची. पर्याय द्या, नुसता नकार नको. वर्षभराऐवजी हंगामी चालेल का, पूर्ण रुंदीऐवजी चॅनेल सोडून चालेल का, झोनची हद्द पाण्याच्या मधोमध एखाद्या कल्पित रेषेवर असेल तर ती पुलावर किंवा मार्करवर सरकवा म्हणजे माणसाला कळेल तरी कुठे सुरू होतो. हा शेवटचा मुद्दा दोन्ही बाजूंना पटतो, कारण जो झोन समजत नाही तो पाळला जात नाही. एका फटक्यात स्लो, पंचवीस, आयडल, परत स्लो असे तुकडे असतील तर ते जोडून एक करा असं म्हणायला बोटवाल्यांनीच लाज बाळगू नये, एखादं मिनिट जास्त गेलं तरी डोक्याचा ताप कमी. व्यवसायावर पोट असेल, म्हणजे मासेमारी किंवा गाइडचं काम, तर काही झोनमध्ये परमिट मिळू शकतं, त्यासाठी अख्खा झोन उठवायची मागणी कशाला.

एक मीटिंग आठवते. मॅनाटीवाल्या बाईंनी मेलेल्या मॅनाटी सापडल्याचे लाल ठिपके असलेला नकाशा लावला, ठिपके सगळे आमच्या रॅम्पपाशी. माझ्या शेजारचा म्हातारा मच्छीमार उठला, म्हणाला ठिपके तिथे आहेत कारण तिथे माणसं आहेत, वास येतो, फोन करतात. दोघांचंही अर्धं बरोबर होतं. धडक एकीकडे बसते, जनावर जखमी होऊन पोहत जातं, मग मेल्यावर वारा आणि ओहोटी नेईल तिकडे जातं, त्यामुळे सापडल्याची जागा म्हणजे लागल्याची जागा नाही. पण म्हणून ठिपके खोटे पण नाहीत, त्या पाण्याच्या पट्ट्यात कुठेतरी लागतंय एवढं ते सांगतातच. त्याच्या जोडीला विमानातून केलेली मोजणी, गवताचा नकाशा आणि कुठल्या वेळी किती बोटी जातात हे तिन्ही मागा. जिथे गवत, वाहतूक आणि मॅनाटी तिन्ही एकावर एक येतात तो तुकडा हळू पाहिजे, तिथे मी आता बोटवाल्यांच्या बाजूने वाद घालत नाही. जिथे तीनातलं एकच आहे तिथे घालतो.

डॉक आणि मरिनाचं प्रकरण ह्याच्याच पोटात येतं. १९८९ मध्ये राज्याने तेरा काउंट्यांना मॅनाटी संरक्षण आराखडा करायला सांगितलं, ब्रेव्हार्ड, ली, सिट्रस, व्होलुशिया, मियामीकडची डेड वगैरे, आणि त्यात वेगाइतकाच जोर नव्या बोटींच्या जागा कुठे होऊ द्यायच्या ह्यावर आहे. तुमच्या असोसिएशनला डॉक वाढवायचं असेल तर आर्किटेक्टला पैसे द्यायच्या आधी काउंटीचा आराखडा काढून बघा. आमच्या ओळखीतल्या एका असोसिएशनने चोवीस जागांची चित्रं काढून घेतली आणि मग कळलं की त्यांच्या काठाच्या लांबीला तेवढ्या मिळतच नाहीत.

आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच की बोटी सोडा, मॅनाटी उपाशी मरतायत. खरं आहे. २०२१ मध्ये फ्लोरिडात ११०० च्या आसपास मेल्या, त्यातल्या बऱ्याच पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगून ह्या खाडीतलं गवत गेलं म्हणून, आणि गवत गेलं कारण सांडपाणी आणि खतं उतरून पाणी शेवाळाने हिरवं झालं, ऊन तळापर्यंत पोचेना. लेट्यूस त्यामुळेच. पण ह्यातून ‘म्हणजे वेग सोडा’ असं निघत नाही. मादीला दोन ते पाच वर्षांत एक पिल्लू होतं, त्यामुळे मोठी मादी धडकेत गेली की ती भरून यायला फार वेळ लागतो, आणि उपासमारीच्या वर्षात तर आणखीच. उलट बोटवाल्यांनी हे दोन्ही एकत्र मांडावं, आम्ही ह्या तुकड्यात हळू जातो, तुम्ही काठावरच्या लॉनच्या खताचं आणि सेप्टिक टाक्यांचं काय करताय ते सांगा. हे म्हटलं की हॉलमध्ये जरा शांतता पसरते, कारण कालव्याकाठची हिरवीगार लॉनं सगळ्यांचीच असतात, माझं पण आहे.

आमच्याकडे शेवटी काय झालं, तर चॅनेल २५ ला मोकळं राहिलं, दोन्ही काठ स्लो झाले, आणि झऱ्याकडे जाणारा फाटा हिवाळ्यापुरता आयडल. म्हातारा मच्छीमार अजून कुरकुरतो, मला बघितलं की हातानेच ‘तुमची तेरा मिनिटं’ अशी खूण करतो. गेल्या जानेवारीत त्याच फाट्यावर त्याला एक आई दिसली, खेकड्याच्या सापळ्याची दोरी हातात अडकलेली, मागे पिल्लू. त्याने दोरी कापली नाही, कारण कापली की दोरीचा घट्ट वेढा हातात तसाच राहतो आणि मग तिला पकडायला काही धरायलाच उरत नाही. त्याने फोन केला आणि लांबून न्यूट्रलमध्ये बोट धरून बसला, वाऱ्याने सरकली की थोडं आयडलवर मागे, परत न्यूट्रल, टीम येईपर्यंत तास-दीड तास तरी गेला असेल. मी किनाऱ्यावरून बघत होतो, त्या सकाळी त्याचे मासे गेले ते गेलेच.